ताडपत्रीचं टोक

लेक ओसरीत बसून इंग्रजी म्हणी पाठ करत होती. 'ऊन आहे तोवर गवत वाळवून घ्यावं' ही म्हण आली, तेवढ्यात अंगणात वाळणाऱ्या मिरच्यांखालच्या ताडपत्रीचा तापलेला वास नाकात शिरला आणि मी डोणगावच्या आमच्या वावरात पोचले.

माझी शाळेची परीक्षा तोंडावर आली होती. सोंगून रचलेल्या सोयाबीनच्या गंजीला टेकून मी हीच म्हण घोकत होते. डोक्यावर कडक ऊन होतं, पण आई सारखी मावळतीकडचं आभाळ बघत होती.

"आई, हे इंग्रज उनाले पाहून एवढी घाई काऊन करतेत वं?"

"अर्थ मंग सांगजो मले. ऊठ, ताडपत्रीचं टोक धर पयले!"

गंजी झाकून आम्ही कडेनं दगड ठेवले आणि सर कोसळली. पीक वाचलं. परीक्षेत मी 'वेळ वाया घालवू नये' असा अर्थ लिहिला, गुणही मिळाले. पण भर उन्हात आभाळाकडे बघणाऱ्या आईची धास्ती त्यात कुठेच नव्हती.

आभाळ भरून आलं की लोक बेचैन होतात. मी आजही लख्ख उन्हातच बेचैन होते.

"आई, याचा अर्थ काय वं?" लेकीनं ओसरीतून विचारलं.

तोवर मी अंगणात भराभर मिरच्या गोळा करत होते. वर एकही ढग नव्हता.