माझ्या मापाचं विमान

आमच्या गच्चीवरच्या खोलीत विमान आहे, असं सांगितलं तर कुणाला खरं वाटणार नाही. मला माणसांत बोलायला जमत नाही, त्यामुळं सांगायची वेळही येत नाही. शाळा चौथीपर्यंतच झाली, पण लिहायची सवय मी मोडली नाही. दुपारी ओटा आवरला की चार ओळी लिहिते. हे त्यातलंच.

अख्खं विमान नाही. पंख नाहीत, शेपूट नाही. महायुद्धातल्या एका लढाऊ विमानात चालवणारा एकटा जिथं बसायचा, तेवढीच जागा. पुढं मोठा टीव्ही, बाजूला कॉम्प्युटर. आत बसून दांडी कलवली की पडद्यावरची जमीनही कलते.

ते आमच्या यांनी बांधलं. हे बसच्या बॉड्या बांधायच्या कारखान्यात पत्र्याचं काम करायचे. जन्मभर दुसऱ्यांच्या बसायच्या जागा केल्या. ड्रायव्हरची सीट ठोकायची, काच बसवायची, की गाडी फाटकाबाहेर. स्वतः त्या सीटवर बसून कुठं गेले नाहीत. रिटायर झाल्यावर मुलानं पुण्याला जाताना आपला जुना कॉम्प्युटर इथंच ठेवला. त्यात विमान उडवायचा खेळ होता. हे बरेच दिवस खुर्चीत बसून तो खेळले. मग म्हणाले, "खुर्चीत बसून विमान वाटत नाही. मी बांधतो. आजपर्यंत सगळ्यांना बसवलं, ही एक जागा माझी."

मुलानं नेटवरून त्या विमानाचे जुने नकाशे काढून पाठवले. इथल्या आबिड्सच्या बाजारात जाऊन यांनी ते मोठे छापून आणले आणि भिंतीला चिकटवले. प्लायवूडचा सांगाडा झाला, त्यावर पत्रा चढला. गौलीगुड्याच्या जुन्या बाजारातून मोडक्या जीपची, वेग आणि तेल दाखवणारी काट्यांची घड्याळं आली. त्यांच्या आत बोटाएवढी यंत्रं बसवली. कॉम्प्युटरातलं विमान वर गेलं की खऱ्या घड्याळाचा काटा फिरायचा. सीटचे पट्टे मी शिवले, खाटेच्या जाड नवारीचे. पत्र्यावर रिबीट, म्हणजे पत्रा जोडायच्या खिळ्यांची गोल डोकी, दिसायला पाहिजेत म्हणून यांना टिकल्या पाहिजे होत्या, बारीक, गोल, पाकिटंच्या पाकिटं. दुकानात टिकल्या मागायची यांना लाज. मी आणल्या. दुकानदारीण बाई तेलुगूत म्हणाली, "काय अम्मा, लग्न आहे का घरात?" मी नुसती मान हलवली. त्या टिकल्या ओळीनं चिकटवून वर रंग दिला आणि खरोखर रिबीट दिसायला लागले.

रंगाचं एक मला कळलं नाही. आतून हिरवा रंग दिला, चांगला चकचकीत झाला आणि दुसऱ्या दिवशी हे पॉलिश पेपर घेऊन तो घासायला लागले.

"अहो, काय करायलात? नवा रंग आहे की!"

"इथं माणसाचा बूट घासणार, इथं कोपर. तिथला रंग गेलेला पाहिजे. नवं दिसलं तर खोटं वाटतंय."

मी आयुष्यभर जुनं घासून नवं केलं. नवं घासून जुनं करणारा माणूस माझ्याच घरी निघाला.

चूक झाली ती मापात. हे अंगानं थोराड, खांदे कारखान्यात कमावलेले. मी उंचीला पाच फुटाला थोडी कमी. काम करणाऱ्याला बाहेर उभं राहावं लागतं. हात दांडीपर्यंत पोचतो का, पाय पेडलवर येतात का, हे बघायला आत कुणीतरी बसायला पाहिजे. ती मी. "बस. पाय लांब कर. कोपर लागतं का? नाही ना? मग डबा इथं बसवू." वायरी आणि कार्डं ठेवायचे डबे असे दोन्ही बाजूंना माझ्या कोपराचं माप घेऊन बसले. बाहेरचा पत्रा नकाशाप्रमाणं बरोबर होता. आतली जागा मात्र माझी झाली. ते दोघांच्याही ध्यानात आलं नाही.

डबे बसल्यावर काटे बरोबर फिरतात का ते बघायचं होतं, म्हणून विमान उडवायलाही मीच बसले. हे बाहेरून सांगायचे, मी करायची. पुढं पुढं मी दुपारची भांडी लवकर घासून वर जायला लागले. वरचं काचेचं झाकण ओढलं की मला सगळं दिसायचं आणि मला कुणी बघत नसायचं. नदी, शेतं, ढगांच्या सावल्या. अशी जागा मला कधी मिळाली नव्हती.

सगळं झालं त्या दिवशी यांनी अंघोळ करून इस्त्रीचा शर्ट घातला आणि आत शिरायला गेले. कमरेपर्यंत गेले. दोन्ही डबे बरगड्यांना लागले. श्वास सोडला, तिरके झाले, एक खांदा आधी घालून बघितला. मग मला म्हणाले, "हात दे." बाहेर आल्यावर शर्टाला हिरवा रंग लागला होता, तो झटकत खाली निघून गेले.

असं खेळातलं विमान उडवणाऱ्यांचा यांचा फोनवर एक गट आहे. त्यातले दोघं रविवारी बघायला यायचे ठरलेले होते. एक पुण्याचे, इथं कॉम्प्युटरच्या कंपनीत. दुसरे इथलेच, टेलिफोन खात्यातून रिटायर झालेले. दोघंही विमानाभोवती फिरून फिरून बघत होते. पुण्याच्यांनी टिकल्यांवर बोट फिरवलं. "काका, हे रिबीट म्हणजे अप्रतिम झालेत हो! आता बसून दाखवा ना." मी चहाचा ट्रे घेऊन दाराशीच थांबले होते.

हे म्हणाले, "मी काय बसणार? हे हिच्या मापाचं आहे."

"काय सांगता! काकूंसाठी बांधलंत?"

टेलिफोनवाल्यांनी कपाळाला हात लावला. "भाबी के वास्ते? वा भई वा! हमारी तो बोलती, ये भंगार में डालो, साथ में तुम भी चले जाओ!"

सगळे हसले. हेसुद्धा हसले आणि म्हणाले, "हौ, इसके वास्तेच बनाया."

मग मला बसावंच लागलं. पदर खोचून आत गेले, झाकण ओढलं आणि बाहेरची माणसं विसरले. विमान वर नेलं, एक मोठं वळण घेतलं, खाली आणलं. टेकताना दोनदा उसळलं, पण उभं राहिलं. त्यांनी टाळ्या वाजवल्या. मी जिना उतरून स्वयंपाकघरात येईपर्यंत माझे कान तापलेले होते.

त्यानंतर हे सगळ्यांना तेच सांगायला लागले. शेजारच्या घरात सांगितलं. मुलाला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "बाबा, आईसाठी? मला बोललाच नाहीत कधी." फोन ठेवल्यावर हे टीव्हीपुढं बसले, पण टीव्ही लावला नाही. तेव्हा मला कळलं. शब्द सगळीकडं पोचला होता. आता यांना तिथं बसायची वाटच उरली नव्हती. आणि मी रोज तिथं बसत होते.

मला ते आवडत नव्हतं असं नाही. फार आवडत होतं. म्हणूनच दोन दुपारी मी विचार करत राहिले. कुणी माझ्यासाठी म्हणून ती जागा केली असती, तर मी ती सोडली नसती. पण माझं फक्त माप घेतलं होतं.

तिसऱ्या दुपारी यांनी विचारलं, "आज वर जायचं नाही?"

"नाही. मी आता बसणार नाही."

"का? एवढं चांगलं उतरवलंस की."

"ते डबे काढा. तुम्ही बसा."

"डबे ठेवू कुठं? बाहेरून लावावे लागतील. पत्रा कापायचा? म्हशीला गळवं आल्यासारखं दिसंल."

"दिसू द्या. आत बसलेल्याला कुठं दिसतंय?"

"आणि लोकांना काय सांगू? तुझ्यासाठी केलंय असं सांगून बसलोय मी."

"माझं नाव सांगा. तिला नको झालं म्हणा. बायकांचं काय, दोन दिवसांची हौस, म्हणा."

एवढं मी यांच्यापुढं एका दमात कधी बोलले नव्हते. हे तरातरा उठून बाहेर गेले. पुढचे काही दिवस फक्त "मीठ दे", "किल्ली कुठं आहे", एवढंच. मीही वर गेले नाही.

मग एका सकाळी गच्चीवर पत्रा कापायचा आवाज आला. मी भाकरी तव्यावरून काढून वर गेले. डाव्या बाजूच्या रिबीटांच्या ओळीतून यांनी खडूची रेघ मारली होती आणि अर्धी कापून झाली होती. माझ्याकडं न बघता म्हणाले, "त्या बाजूनं धर. हात सांभाळ, कड लागंल."

दोन्ही डबे बाहेर आले. खरंच फार वाईट दिसायला लागलं. हे आत बसले. खांदे गेले, पोट गेलं. गुडघे मात्र वर येऊन घड्याळांना लागले.

"पेडल पुढं घ्यायला पाहिजे. पाना दे."

पाना माझ्याच हातात होता. पेडल एकदा पुढं गेली की माझे पाय पोचणार नाहीत, हे मला माहीत होतं. यांच्या ध्यानात आलं की नाही, मी विचारलं नाही. पाना दिला.

झाकण ओढून घेतल्यावर हे बराच वेळ नुसतेच बसून होते. इंजिनाचा आवाज आला नाही. मी खाली आले. नंतर आवाज आला, वाढला आणि धाडकन बंद झाला. परत आला, परत बंद झाला. यांची शिवी जिन्यापर्यंत ऐकू आली. मला हसू आवरेना, पण मी वर गेले नाही.

जेवायला बसल्यावर यांनी भाकरी मोडली, आमटीत बुडवली आणि ताटाकडं बघतच विचारलं, "ते जमिनीवर धावायला लागलं की डावीकडं का ओढतंय?"

"ओढतंच ते," मी म्हणाले. "ओढायच्या आधी उजव्या पेडलवर पाय द्यायचा."

"आधी? किती आधी?"

मी आमटी वाढता वाढता सांगायला लागले.