आत्याच्या यानाची मोजणी

आमच्या आत्याइतकं काटेकोर माणूस नायगावात तर नाहीच, पण बाहेरच्या अंतराळातही सापडायचं नाही, हे विधान मी पूर्ण जबाबदारीने करते. मी पत्रकं लिहिते. भाडेकरूंच्या हक्कांची, टॉवरमधल्या हवा-उजेडाची. पत्रकात एक वाक्य चुकीचं गेलं की समोरचा साहेब तेवढंच वाक्य धरून बसतो, म्हणून तपासल्याशिवाय लिहायचं नाही. ही शिस्त मला आत्याने लावली. ती चौतीस वर्षं एका मोठ्या इस्पितळात ऑपरेशन थिएटरची सिस्टर होती. ऑपरेशनच्या आधी कात्र्या, चिमटे, रक्त टिपायचे गॉज मोजायचे, शेवटी पुन्हा मोजायचे, आणि आकडा जुळल्याशिवाय सर्जनला टाके घालू द्यायचे नाहीत. "एका बड्या डॉक्टरला अर्धा तास उभा ठेवला होता मी," ती सांगते. "एक गॉज कमी होता. त्याच्याच चपलेला चिकटलेला निघाला. सॉरी म्हणाला. म्हणजे पुटपुटला." घरीही तोच कारभार. डब्यातल्या चपात्या मोजलेल्या, दोरीवरचे कपड्यांचे चिमटे मोजलेले. मोर्चाहून आले की माझी झोळी तपासायची: "पत्रकं किती नेलीस, किती वाटलीस आणि किती लोकांनी पुढच्या कोपऱ्यावर टाकून दिली?" तिसऱ्या आकड्याला मी चहा टाकायला उठते.

अशा बाईला निवृत्तीच्या दिवशी थिएटरमधल्या शिकाऊ डॉक्टरांनी भलामोठा खोका दिला. आम्हाला वाटलं मिक्सर. निघालं अंतराळयान. एकमेकांत अडकवायचे प्लास्टिकचे ठोकळे, दोन-अडीच हजार, पाकिटापाकिटांत भरलेले, आणि बोटाएवढे सहा अंतराळवीर. मी नेहमीप्रमाणे भडकले. चाळ रिकामी करायची नोटीस जिन्यात लागलेली, एकशेसाठ फुटांच्या खोलीत पाय ठेवायला जागा नाही, आणि त्यात हे परदेशी खेळणं. मी दहा मिनिटं बोलले. आत्याने तोवर चष्मा पुसून चित्रांची पुस्तिका पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत पाहिली आणि विचारलं, "यात संडास कुठे आहे?"

"सहा माणसं, वर्षानुवर्षांचा प्रवास, आणि संडास नाही. नकाशा पास कुणी केला?" पुढे आठवडाभर तिला असेच प्रश्न पडत होते. ऑक्सिजनची नळकांडी कुठे ठेवतात? एखाद्याचं अपेंडिक्स दुखायला लागलं तर त्याला आडवं कुठे करायचं? सहातला डॉक्टर कोण? शेवटी तिनेच एकाला डॉक्टर ठरवलं, कारण त्याचा चेहरा झोप न झालेला होता. मी कितीही रागावून बसले तरी हळूहळू मलाही कुतूहल वाटायला लागलं, हे कबूल करते.

खोलीत जागा नव्हती म्हणून फोल्डिंगचं टेबल दाराबाहेर मधल्या पॅसेजमध्ये लागलं. वर हिरवी चादर. ठोकळे रंगाप्रमाणे घरातल्या सगळ्या स्टीलच्या वाट्यांत, त्यामुळे महिनाभर आम्ही आमटी पेल्यातून प्यायलो. जवळ येणाऱ्याने चप्पल लांब काढायची आणि हात धुवायचे. पोलिसात असलेले शेजारी वडापाव हातात घेऊन वाकले, तर त्यांनाही तिने मागे हटवलं. आणि काम सुरू झालं की ती मान वर न करता नुसता तळवा पुढे करायची. "राखाडी, दोन बाय चार." समोरच्या दारातल्या मालवणी काकू पहिल्या दिवशी कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "अगो, ह्या काय गो? वय काय तुझा?" आत्या म्हणाली, "राखाडी. दोन बाय चार." काकूंनी वाटीत शोधून तुकडा दिला. "असा नाही. हातात आपटायचा. मला बघायला न लागता कळलं पाहिजे." पंधरा दिवसांत काकू अशा काही आपटायला लागल्या की आवाज टोकाच्या खोलीपर्यंत जायचा.

यान पुरं झालं त्या दिवशी पॅसेजमधल्या वीसच्या वीस दारांतून माणसं बाहेर आली. टाळ्या झाल्या. आत्याने ठरवलंच होतं, चाळ सोडायच्या आधी यान सगळ्यांना बघायला मांडायचं, कारण चाळीच्या बदल्यात मिळालेल्या टॉवरमधली घरं लॉटरीने लागली होती आणि हा पॅसेज वेगवेगळ्या मजल्यांवर विखुरणार होता. तेवढ्यात तिचं लक्ष वाट्यांकडे गेलं. तळाला तुकडे उरले होते. बारीक, नखाएवढे. तिने मोजले, सव्वीस. चेहरा उतरला. "पेशंट उघडा आहे अजून," ती म्हणाली आणि तिथल्या तिथे यान खोलायला बसली.

काकू ओरडल्या, मी ओरडले. उपयोग शून्य. दुसऱ्यांदा बांधताना तिने प्रत्येक पान दोनदा तपासलं. यान झालं. सव्वीस उरले. पुन्हा खोललं. "कमी पडलं तर समजू शकते, माणूस विसरतो," ती मला म्हणाली. "जास्त कसं पडेल? चौतीस वर्षं मोजलं ते तरी बरोबर मोजलं का मी?" असा प्रश्न तिच्या तोंडून मी कधी ऐकला नव्हता. चावी परत द्यायला आठ दिवस उरले होते. लोक भांडी गोणत्यात भरत होते, आणि आत्या सुट्या ठोकळ्यांपुढे नुसती बसून.

मग मी माझं काम केलं. तपासलं. फोनवर दहा मिनिटं लागली. "आत्या, बारीक तुकडे ते जादाच देतात. मुद्दाम. हरवतात म्हणून."

"म्हणजे माझी मोजणी बरोबर होती?"

"दोन्ही वेळा."

"मग खोक्यावर लिहायला काय झालं होतं त्यांना? सव्वीस जादा. दोन शब्द." आयुष्यात पहिल्यांदा तिला माझ्यासारखा संताप आला होता. मी लगेच पत्रक काढू का म्हणून विचारलं. "नंतर," ती म्हणाली आणि तळवा पुढे केला. "राखाडी."

तिसऱ्या खेपेला अख्खा पॅसेज हात धुवून बसला. शेवटच्या रविवारी दुपारी यान हिरव्या चादरीवर मांडलं गेलं. शेजारी आत्याच्या अक्षरात पाटी: "प्रवासी सहा. संडास नाही. चौकशी चालू आहे." लोक रांगेने येऊन बघून गेले. मग तिने सव्वीसची वाटी घेतली आणि प्रत्येक दाराला एक तुकडा दिला; उरलेले सहा त्या सहा प्रवाशांच्या नावाने ठेवले. "दर पौर्णिमेला माझ्याकडे मोजणी. आपापला तुकडा घेऊन यायचं."

"आणि हरवलो तर?" काकूंनी विचारलं.

"हरवू नका."

आता यान सतराव्या मजल्यावर, काचेच्या शोकेसमध्ये, बुद्धमूर्तीच्या खालच्या फळीवर आहे. घर मोठं आहे, संडास आत आहे, वारा भरपूर आहे. हे सगळं आम्ही भांडून मिळवलं, त्याबद्दल मला पश्चात्ताप नाही. पण इथे पॅसेजमध्ये कुणी टेबल टाकत नाही. दारं बंद असतात. पहिल्या पौर्णिमेला वीस तुकडे आले. मग अठरा. कुणाची ड्युटी, कुणाची परीक्षा. परवाच्या पौर्णिमेला लिफ्टही बंद होती. तेरा तुकडे वाटीत पडले, चौदावा माझा, निळा. अकराव्या मजल्यावरच्या काकूंचे गुडघे गेलेत, म्हणून मी खाली जाऊन म्हटलं, "काकू, तुकडा द्या, मी पोचवते."

"तुकडो एकटो धाडूचंय नाय," त्या म्हणाल्या. "मी येतलंय."

सहा मजले. प्रत्येक मजल्यावर त्या पायरीवर बसल्या, त्यांच्या बाजूला मी, आणि समोर चार बंद दारं. लिफ्टवरचं पत्रक मी मनात तिथेच लिहून काढलं. वर पोचलो तेव्हा आत्या दारात खुर्ची टाकून बसली होती, वाटी मांडीवर. तिने मान वर केली नाही. नुसता तळवा पुढे केला. काकूंनी तुकडा असा आपटला की मजला दणाणला.

"पंधरा," आत्या म्हणाली. आम्ही आत गेलो, चहा झाला. दार मात्र तिने लावू दिलं नाही.