एक चाक उलटं

आधीच सांगून टाकते, मी असल्या गोष्टींवर हसणारी बाई आहे. वसमतला माझं शिलाईचं दुकान आहे. ब्लाऊजचं माप द्यायला आलेल्या बाया चिंचेखाली काय दिसलं, विहिरीवर कोण रडत होतं ते रंगवून सांगतात, आणि मी तोंडात टाचण्या धरून म्हणते, "हात वर कर बाई, अन् श्वास सोड." या ग्रुपवरचे अनुभवही मी जेवणानंतरची करमणूक म्हणूनच वाचते. तरी आज स्वतः लिहायला बसले... हसायचं तर खुशाल हसा.

गोष्ट दोन हजार सहाच्या आसपासची. माझं माहेर हट्ट्याजवळ, गावाबाहेर शेतातल्या आखाड्यावर, म्हणजे शेतघरी. घर, मागे मेंढरांचा वाडा, पुढे अंगण. अंगणातून निघालेली कच्ची वाट कॅनॉलच्या काठाकाठाने जाते. पुढे एका जागी कॅनॉल वळतो, तिथे वाटही वळते. आमचे आबा उभा जन्म मेंढरांमागे हिंडलेले. मातीवर उमटलेलं काहीही ते थांबून बघणारच. कोणाची शेळी गेली, कोल्हा कुठून शिरला, सगळं बराबर सांगायचे.

त्या वर्षी दिवाळीनंतर मी माझ्या पोरीला, पिंकीला घेऊन माहेरी होते. ती तेव्हा बालवाडीत. रात्री अवकाळी पाऊस पडून गेला होता. सकाळी आबांची हाक आली, "शोभे, इकडं ये जरा. हे बघ."

अंगणापासून ओल्या काळ्या मातीत एका गाडीची चाकोरी उमटली होती. चांगली रुंद. जीपची अशी नसते, ट्रॅक्टरची तर नाहीच. आणि आतली नक्षी इतकी रेखीव, बाणाची टोकं एकामागे एक मांडल्यासारखी. आम्ही बापलेक तिच्या मागेमागे गेलो. जिथे वाट वळते तिथे चाकोरी वळलीच नव्हती. सरळ काठापर्यंत जाऊन संपली होती. परत आल्याची खूण कुठेच नाही.

पळत जाऊन वाकून बघितलं. कॅनॉलला पाणी सुटलेलं नव्हतं तेव्हा. तळाशी पालापाचोळा आणि कोणाची तरी तुटकी चप्पल, बस्स. काठाचं ढेकूळही हललेलं नव्हतं.

"आबा, रात्री गाडीचा आवाज आला का?"

"न्हाई. कुत्रं बी भुकलं न्हाई."

मग मला ते दिसलं. मी शिवणारी बाई, कापडावरची नक्षी एका बाहीला सुलटी आणि दुसरीला उलटी लागली तर मला लांबूनच खटकतं. इथे तसंच होतं. डाव्या चाकाचे बाण एकीकडे तोंड करून, उजव्याचे बरोब्बर उलट. आबांना दाखवलं तर त्यांनी उकिडवं बसून दोन्ही खुणांवरून बोट फिरवलं.

"एक चाक जाऊन राहिलं, अन् एक येऊन राहिलं," ते म्हणाले. "असं कोणतं वाहन असतंय, शोभे?"

दुपारी मेंढरं त्यावरून गेली, चाकोरी पुसली, आणि मी विषय सोडून दिला.

संक्रांतीला माझा धाकटा भाऊ गजू पुण्याहून आला, गाडी घेऊन. गाडी जुनी, सेकंडहँड, पण चाकं...! मोठ्ठाली सतरा इंची अलॉय, आणि त्यावर पापडासारखे पातळ, रुंद टायर. सगळी कमाई पठ्ठ्याने त्यातच घातलेली. शेजारचे काका म्हणाले, "गजू, गाडीला चाकं लावली का चाकांना गाडी?"

"हसू नका काका. हाय-परफॉर्मन्स टायर हायेत. कितीबी पळवा, रस्ता सोडत न्हाईत."

"आपल्याकडं सोडायला रस्ता हाय कुठं?" आई म्हणाली. "पोरगी बघायची सोडून चाकं बघत बसला, मेला!"

सगळे हसले. मीही हसले असते, पण माझी नजर अंगणातल्या मातीवर गेली होती. तीच रुंदी, तीच नक्षी. आबांकडे बघितलं तर तेही खालीच बघत होते. ते गाडीच्या दोन्ही बाजूंनी फिरून आले आणि हळूच म्हणाले, "दोन्हीकडं सुलटी हाय. त्यात एक उलटं होतं. ही ती न्हाई."

तरी मी गजूला सगळं सांगितलं. तो टायरवरचा बाण दाखवून मलाच शिकवायला लागला. म्हणे, हे टायर एकाच दिशेने बसवतात, उलटं बसवत नसतं कोणी. "अक्का, मशीन जरा कमी चालव. डोकं गरम होऊन राहिलं तुझं."

दुसऱ्या दिवशी तो वसमतला गेला आणि दुपारी कुरकुरत परत आला. खड्ड्यात चाक आपटून हवा गेली होती. रस्त्यावरच्या दुकानात टायर उघडून आतून पॅच मारून घेतला होता. त्या बिचाऱ्या दुकानदाराने असलं टायर जन्मात बघितलं नव्हतं, असं गजूच सांगत होता. मी ओसरीवर आबांच्या सदऱ्याला गुंडी लावत होते. नुसतं "हं" म्हणाले.

"मामा, मला कॅनॉलवर घेऊन चल!" पिंकी पुढच्या सीटवर चढून बसलीसुद्धा. गजूने गाणी लावली, मोठ्याने. गाडी हलली.

कॅनॉलला आता पाणी सुटलं होतं. काठोकाठ वाहत होता.

धूळ बसावी म्हणून आईने नुकतंच अंगणात पाणी मारलं होतं. गाडी पुढे गेली आणि तिच्या मागे ओल्या मातीत चाकोरी उमटत गेली. डावीकडची नक्षी सुलटी. उजवीकडची उलटी.

मी ओरडले. गजूला ऐकूच जाईना. पिंकी काचेतून मला हात हलवून टाटा करत होती. अंगणाच्या तोंडाशी एक दगड होता. रिमला लागू नये म्हणून गजू त्यावरून गाडी अगदी मुंगीच्या पावलाने काढायचा. तेवढाच वेळ मिळाला मला. आबांची शेळ्यांना पाला तोडायची कुऱ्हाड भिंतीला टेकवलेली होती. ती उचलली, धावले आणि मागच्या उजव्या टायरवर घातली. एकदा, दोनदा... तिसऱ्याला फाडकन आवाज होऊन गाडी एका अंगाला बसली.

"अक्का! येडी झालीस का गं!" गजू उतरून बोंबलायला लागला. पिंकी रडायला लागली. मी तिला खाली ओढून असं काही आवळलं की ती अजूनच रडली.

"बाण बघ," मी म्हणाले. "बाण बघ आधी!"

त्याने बघितलं. मग पुन्हा चिडला, "उलटं बसवलं म्हणून कुऱ्हाड मारतंय का कोणी? तोंडानं सांगता येत न्हाई?"

स्टेपनी गाडीत नव्हतीच. तशा मापाचं टायर वसमतला मिळेना, नांदेडला मिळेना, पुण्याहूनच मागवावं लागणार होतं. गाडी अंगणातच जॅकवर उभी राहिली. गजू चिडून गावात मित्राकडे निघून गेला.

ऊन उतरल्यावर आबा म्हणाले, "चल, जाऊन येऊ." मी चपला घालून त्यांच्यामागे निघाले.

वळणावर कॅनॉलचं पाणी झिरपून माती ओली झाली होती. तिथे चाकोरी होती. ताजी, कडा अजून ओल्या. डावीकडे सुलटी, उजवीकडे उलटी, सरळ काठापर्यंत. आणि या वेळी काठ ढासळलेला होता, गाडीभर रुंद. खाली पाणी गढूळ होऊन गरगरत होतं.

मी मागे वळून बघितलं. आखाड्यावर गजूची गाडी दिसत होती, एका अंगाला झुकलेली. गाडी तिथे होती. पिंकी आईजवळ ओसरीवर बसलेली दिसत होती. तरी मी तिला मोठ्याने हाक मारली, आणि तिने "ओ" दिल्यावरच मी परत काठाकडे वळले.

"गजूला दाखवू या," मी म्हणाले. आबांनी मान हलवली. "न्हाई. जो गेला न्हाई, त्याला ही जागा कशाला दाखवायची?" मग त्यांनी मेंढरं वळवून आणली आणि त्या चाकोरीवरून स्वतः फिरवली.

आता आबा नाहीत. ती चाकोरी कशाची होती, आमच्या अंगणातून त्या दुपारी नक्की काय निघून गेलं, मला आजही कळलेलं नाही. कोणाला काही सुचलं तर सांगा, पण मला पटेल असं वाटत नाही. पिंकी नोकरीला लागली. गजूने ती गाडी कधीच विकली. दर भाऊबिजेला पाटावर बसला की चिडवतो, "अक्का, ताटात काय टाकू? एक टायर?" सगळे हसतात. मी टिळा लावताना बोट त्याच्या कपाळावर जरा जास्तच वेळ टेकवून ठेवते. त्याला वाटतं, टिळा वाकडा झालाय.