कूलर बंद

प्रेमानंद रामटेके लॅबमध्ये रुग्णांच्या गाठी मेणात बसवून तपासणीसाठी त्यांचे काप काढतात. मेणाच्या ठोकळ्यातून निघालेला काप कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ, वाऱ्यानं उडतो. म्हणून नागपूरच्या ऐन मे महिन्यातही कूलर बंद. मेण मऊ पडतं, तेव्हा फ्रिजातला बर्फ आधी ठोकळ्याला. माणसानं कोमट पाणी प्यावं. काप ब्रशनं उचलताना श्वाससुद्धा रोखायचा.

रात्री सक्करदऱ्याच्या घरी बायकोनं, कौसल्यानं ताट वाढलं. प्रेमानंदांनी सवयीनं उठून कूलरचं बटण दाबलं.

“काहून बंद केला जी? दिवसभर उकडून राह्यलं!”

“उडून जाते ना वं.”

“काय उडते? भाकर?”

ते ओशाळले, कूलर लावून ताटावर बसले. गार झोत तोंडावर आला, आणि त्यांनी श्वास रोखून धरला.