बापा मासे आणते

पद्माला मी पहिल्यांदा भेटले तेव्हा तिला मराठीचे जेमतेम पन्नासेक शब्द येत होते, आणि त्यातले निम्मे चुलीपाशी शिकलेले. ती ओडिशाची, महानदीच्या मुखाजवळच्या एका गावातली. नवरा शिवतेज आपल्या विट्याजवळच्या खेड्यातला. तिकडची माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यासाठी देशभर पांगलेली असतात. शिवतेजचं दुकान कटकला होतं. तिथंच दोघांचं जमलं. पद्माला दिवस गेले तसं त्याने तिला गावी आणून आईजवळ, राहीबाईंजवळ ठेवलं आणि तो परत गेला.

मी तेव्हा सांगलीत पीएच.डी. करत होते. परमुलखातून आलेली माणसं मराठीतले काळ कोणत्या क्रमाने शिकतात, हा माझा विषय. महिन्याच्या पहिल्या रविवारी एसटीने जायचं, पद्माशी तासभर बोलायचं आणि फोनवर ते रेकॉर्ड करायचं. राहीबाई शेजारी काहीतरी निवडत बसलेल्या असायच्या.

पहिले काही महिने पद्माचा भूतकाळ चटकन होऊन संपणाऱ्या गोष्टींपुरताच होता. "बशी फुटला." "लाईट गेला." "गाय आला." लिंग चुकायचं, काळ चुकायचा नाही. पण पूर्वी रोज घडत असलेलं काही सांगायचं झालं, की ती वर्तमानात यायची. वडिलांना ती बापा म्हणायची. "बापा होडी चालवते. पहाटे जाते. मासे आणते. मी काठावर वाट बघते."

मी वहीत लिहिलं, 'अपेक्षित टप्पा.' बहुतेक शिकणारे असंच करतात. माझ्या प्रबंधाला हवं तेच मिळत होतं, म्हणून मी खूश होते.

राहीबाई मात्र ते वाक्य वेगळ्या कानांनी ऐकत होत्या. शिवतेजने आईला एवढंच सांगितलं होतं, "तिच्या घरचं कोण येनार न्हाई." त्यावरून त्यांनी धरलं की व्याही लग्नावर रुसलेत.

"बाई, तुमीच समजावा तिला," त्या मला म्हणाल्या. "बापाचा राग किती दिस टिकतुय? नातवंडाचं त्वांड बघितलं की इरघळंल."

मुलगी झाली. बारशाला मलाही बोलावणं होतं. शिवतेजची गाडी उशिरा पोचणार होती. राहीबाईंनी विट्याहून व्याह्यांसाठी धोतर, सदऱ्याचं कापड आणि फेटा आणून ठेवला होता. सगळ्या बायकांसमोर तो आहेर त्यांनी पद्माच्या मांडीवर ठेवला.

"तुझ्या वडलास्नी हाय ह्यो. कवा येत्यात?"

पद्मा कापडावरून हात फिरवत राहिली. "बापा पाण्यात गेला."

"व्हय गं, मासं धराय. पन हिकडं कवा येनार?"

"होडी आला," पद्मा म्हणाली. "बापा नाही आला."

राहीबाई खाली बसल्या. "कवा झालं ह्ये?"

"मी बारा वर्षाचा होता."

पद्मा आता बावीसची, म्हणजे दहा वर्षं झाली. त्यानंतर ती मामाकडे वाढली होती. आणि मी सात महिने तिचं बापाबद्दलचं बोलणं टिपत होते. ते आहेत कुठे, एवढं एकदाही विचारलं नव्हतं.

राहीबाईंनी तिचं डोकं छातीशी धरलं. "चुकलं पोरी माजं. आमचं मालक फौजेतनं आलं आन दोन वर्सात गेलं. मी बी वरीसभर समद्यास्नी सांगायची, ह्यास्नी कारलं आवडत न्हाई म्हनून. भाजी येगळी काडून ठिवायची."

पद्माने तोंड वर केलं. "ठिवायची?"

"व्हय. ठिवायची. आता न्हाई ठिवत."

तिने तो शब्द ओठांतल्या ओठांत दोनदा म्हणून पाहिला.

पुढे बाळाला कसल्याशा तपासणीसाठी मिरजेला न्यायचं होतं. शिवतेज कटकला, म्हणून मी बरोबर गेले. काम लवकर आटोपलं. पद्मा म्हणाली, "ताई, सांगलीला नदी आहे ना?" तिच्या सासरच्या माळावर ओढासुद्धा आठ महिने कोरडा. आम्ही रिक्षाने कृष्णेच्या घाटावर आलो. काठाला एक होडी बांधलेली होती, तिच्यात कुणी नव्हतं.

पायरीवर बसून, बाळाला मांडीवर घेऊन ती बोलायला लागली. "बापा असे टोकाला बसायचे. वल्हं मांडीवर ठेवायचे. लांबूनच हाक मारायचे. मी मुद्दाम झाडामागे लपायची. ते खोटं खोटं शोधायचे." एकही रूप चुकलं नाही. फोन माझ्या पिशवीत होता. मी तो बाहेर काढला नाही.

मग ती थांबली. "पहिलं 'बापा मासे आणते' असं बोलायची ना ताई, तेव्हा ते रोज यायचे. आता नीट बोलता येतं, तर लांब वाटतात."

बाळ रडायला लागलं तेव्हा आम्ही उठलो.

त्या हिवाळ्यात शिवतेज दोघींना घेऊन ओडिशाला गेला. राहीबाईंनी दिलेला आहेर मामांना दिला. पद्माने मुलीचे पाय नदीत बुडवले, आणि महिन्याने ती परत आली. माझा प्रबंधही झाला. घाटावरची वाक्यं त्यात नाहीत.

आता पद्मा राहीबाईंसारखंच ठसक्यात "आवं, बसा की" म्हणते. लेक चार वर्षांची आहे, तिला ओडिया येत नाही. गेल्या महिन्यात मी गेले तेव्हा पद्मा पोळ्या लाटत होती. "मामांचा फोन येतो," ती म्हणाली. "त्यांच्याशी बोलताना मधेच मराठी येतं तोंडात. मामा हसतात, म्हणतात, तू तिकडची झालीस. मी पण हसते. फोन ठेवला की मागच्या दारी जाऊन उभी राहते, आणि आमच्या गावातल्या एकेका घराचं नाव घेऊन बघते. परवा एक आठवलंच नाही."