भाषणातले पाच ठोके

सगळं शहर तिला घड्याळबाई म्हणायचं. खरं नाव मतदारयादीत होतं, ते तिथेच राहिलं. दर सोमवारी मनोऱ्यावरच्या मोठ्या घड्याळाला किल्ली द्यायची, दातेरी चाकांना तेल घालायचं आणि उरलेला आठवडा खालच्या दुकानात, डोळ्याला भिंग लावून, लोकांची मनगटी घड्याळं उघडायची. दोन दिवसांत देते म्हणाली की देणारच. गिऱ्हाईक तिसऱ्या दिवशी उगवलं तर त्याचीच खरडपट्टी निघे. "दोन म्हणजे दोन! घड्याळवाल्याकडे आलायत की शिंप्याकडे?"

ही दोन्ही कामं तिच्या नवऱ्याची. ती तिच्याकडे आली ती एका भाषणामुळे.

चाळीस वर्षांपूर्वी शत्रू नदीपलीकडे येऊन ठेपला होता आणि माणसं चंबूगबाळं आवरून पळत होती. अशात एका गुरुवारी, संध्याकाळी पाचला, देशाचे प्रमुख रेडिओवर बोलले. "मी इथेच आहे. याच शहरात, याच खोलीत. मी सामान बांधलेलं नाही. तुम्हीही बांधू नका." तेवढ्यानं शहरानं बांधलेली गाठोडी सोडली. पुढे तीन महिने वेढा पडला, शहर टिकलं, आणि ते वाक्य शाळाशाळांच्या भिंतीवर जाऊन बसलं. पोरं ते पाठ करत, निवडणुकीत उभे राहणारे ते ठोकून देत. घरी आलेला पाहुणा हलायचं नाव घेईना की बायका एकमेकींना डोळ्यांनी खुणावत म्हणत, "यांनी सामान बांधलेलं नाही हं!"

घड्याळबाई मात्र त्या वाक्याची थट्टा करत नसे. तिच्या घरी त्याची किंमत वेगळी होती. त्या गुरुवारी रात्रीच्या ट्रकमध्ये त्यांच्या दोन जागा ठरलेल्या होत्या. भाषण ऐकून नवरा थबकला. पण तो घड्याळातला माणूस, ताडून पाहिल्याशिवाय कशावर विश्वास ठेवायचा नाही. तिला घेऊन तो तडक रेडिओ केंद्राच्या फाटकावर गेला. तिचा सख्खा थोरला भाऊ तिथे तबकड्या वाजवायच्या खोलीत कामाला होता. त्याला बाहेर बोलावून नवऱ्यानं विचारलं, "दादा, खरं सांगा. आहेत का ते आत?"

"आहेत की!" दादा म्हणाला. "आत्ताच मी माझ्या हातानं ग्लासभर पाणी दिलं त्यांना."

संपलं. घरी येऊन नवऱ्यानं गाठोडं सोडलं. "ते थांबलेत, मग आपण कुठे जायचं?" असं म्हणून टेहळणीला मनोऱ्यावर चढला. नवव्या दिवशी मनोऱ्याच्या जिन्यावर तोफगोळा पडला, त्यात तो गेला.

नवऱ्यासाठी ती रडली, पण त्याची कीव तिनं कधी केली नाही. तो फसला नव्हता. विचारून, खात्री करून थांबला होता. देशाचा प्रमुख थांबला म्हणून तोही थांबला. एवढ्या एका गोष्टीवर तिनं चाळीस वर्षं काढली. दादाचा तो ग्लासही मोठा झाला. युद्ध संपल्यावर दादानं तो संग्रहालयाला दिला, तिथे त्याला काचेचं कपाट मिळालं, खाली चिठ्ठी लागली, आणि दादा जन्मभर 'पाणी देणारे' म्हणून हार घालून घेत राहिला.

या वर्षी चाळिसावा स्मृतिदिन. नवीन यंत्रं आणून जुनी तबकडी साफ केली होती, खरखर काढून टाकली होती. चौकात खुर्च्या मांडल्या. घड्याळबाई पहिल्या रांगेत, जिथे ती दर वर्षी बसते तिथे. भाषण सुरू झालं. आवाज इतका स्वच्छ, की प्रमुखांनी घेतलेला श्वाससुद्धा कळावा. "मी सामान बांधलेलं नाही," आणि त्याच्या मागे, लांबून, आजवर खरखरीत बुडालेले ठोके. एक, दोन, तीन, चार, पाच.

"ऐका!" निवेदक गहिवरून म्हणाला. "आपलं घड्याळ! बरोबर पाच वाजले होते!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. शेजारच्या म्हाताऱ्यानं डोळे पुसले. घड्याळबाईचे हात मात्र मांडीवरच राहिले.

त्या आठवड्यात घड्याळाचे ठोके पडतच नव्हते. सोमवारी सकाळीच हुकूम आला होता, घंटा वाजेल ती फक्त विमानं आली तर. नवऱ्यानं ठोक्यांचा हातोडा तारेनं आवळून बांधला होता. कंदील एका हातात धरून, दुसऱ्या हातानं तारेला शेवटचा पीळ दिला होता तो तिनंच. ती तार सुटली थेट वेढा उठल्यावर.

दुसरं कुठलं घड्याळ असेल, असं तिनं मनाला समजावून पाहिलं. पण तिसरा ठोका लंगडा होता, जरा उशिरा पडणारा. त्या ठोक्याच्या चाकाचा दाता झिजलेला होता, आणि युद्धानंतर तिनं स्वतः बदलला होता. जगात तसं लंगडणारं दुसरं घड्याळ नव्हतं. म्हणजे ते बोलणं रविवारचं किंवा त्याच्याही आधीचं. गुरुवारी वाजली ती नुसती तबकडी. आणि तबकड्या वाजवायच्या खोलीत होता दादा.

समारंभ अर्धा टाकून ती उठली. दादाचे आता गुडघे गेले होते, तो घरीच रेडिओवर भाषण ऐकत बसला होता. तिच्याकडे त्याच्या घराची किल्ली होती, चाळीस वर्षांची. दार उघडून ती आत आली, आणि तिचा चेहरा बघून दादानं रेडिओ बंद केला.

"हातोडा सोमवारपासून बांधलेला होता, दादा."

एवढंच. तोही मुरलेला रेडिओवाला. ठोके त्यानंही ऐकले होते. तो गुडघे चोळायला लागला.

"मंगळवारीच गेले होते ते," तो म्हणाला. "सीमेपलीकडे. तोंड उघडलं तर गोळी घालू म्हणाली होती त्यांची माणसं, अगं. आणि सगळे पळाले असते तर शहर राहिलं असतं का? सांग ना!"

"शहराचं मला विचारू नकोस. फाटकावर आम्ही दोघंच होतो. 'मला माहीत नाही' म्हणाला असतास तरी हे निघाले असते. ग्लास कशाला घातलास मध्ये?"

"एकदम तोंडातून गेलं," तो म्हणाला. "मग लोक विचारायला लागले, ग्लास कुठाय, ग्लास कुठाय. दिला घरातला एक."

स्वयंपाकघरातला कपबश्यांचा आवाज थांबला. वहिनी बाहेर आली, हातात पाण्याचा ग्लास. सहाच्या सेटमधले पाचच उरलेत, एक फुटला, असं ती चाळीस वर्षं सांगत आली होती. या पाचांतून घड्याळबाई दर रविवारी पाणी प्यायली होती.

"वहिनी, तुम्ही बुधवारी माहेरी गेलात," ती सावकाश म्हणाली. "आई आजारी आहे म्हणून. मुलांना घेऊन. जाताना मला मिठी मारलीत, किल्ली दिलीत, कुंड्यांना पाणी घाल म्हणालात. तुम्हाला माहीत होतं?"

वहिनीनं दादाकडे पाहिलं. दादा जमिनीकडे बघत होता.

"मुलं लहान होती गं," वहिनी म्हणाली. "आणि कुंड्यांचं सांगितलं की... परत येणार असंच वाटतं ना माणसाला."

केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. परक्यानं फसवलं असतं तर तिनं शिव्या घातल्या असत्या. हे दोघं तिची माणसं होती. नवऱ्यामागे तिला जेवू घालणारी, आजारपणात उशाशी बसणारी. ते प्रेम खोटं नव्हतं, म्हणून तर जास्त लागलं.

"मी रोज येत होते," ती म्हणाली. "तोफा चालू असताना. भिंतीच्या कडेकडेनं, बादली घेऊन. म्हटलं, वहिनीची झाडं मरायला नकोत. नवव्या दिवशी मी या गॅलरीतच उभी होते, दादा. हातात पाण्याचा मग होता. इथूनच मी मनोऱ्याचा जिना कोसळताना पाहिला."

दादा रडायला लागला. म्हाताऱ्या माणसाचं रडणं बघवत नाही, पण तिनं बघितलं.

मग तिनं वहिनीच्या हातातला ग्लास घेतला. वहिनीला वाटलं, पिईल. ती गॅलरीत गेली आणि कडेच्या कुंडीत ते पाणी शेवटच्या थेंबापर्यंत ओतलं. रिकामा ग्लास कठड्यावर ठेवला, पदराची गाठ सोडून किल्ली काढली आणि ग्लासात टाकली.

"कुंड्यांना पाणी घातलंय," ती म्हणाली. "आता तुमचं तुम्ही बघा."