पूजेबाहेरचे पाने

राजूर रस्त्यावरच्या, कापसातली सरकी काढणाऱ्या एका जिनिंगमध्ये प्रियदर्शनी ही एकटी फिटर. आयटीआय करून लागली तेव्हा ‘बाई पाना फिरवणार का?’ म्हणणारे आता मशीन अडलं की तिलाच हाक मारतात. पण अडल्यावरच. बिघडण्याआधी खोलू म्हटलं, की मालक तातेरावांचं उत्तर ठरलेलं: चालू मशीनला हात लावू नको.

गेल्या हंगामात एक बेअरिंग कोरडं पडून तापलं आणि भोवतीच्या कापसानं पेट घेतला. मशीनवर कापूस टाकणाऱ्या मालनबाईंचा हात भाजला. पुढच्या हंगामाआधी सगळी बेअरिंगं उघडून साफ करा, नाहीतर मी मशीनचा पट्टा चढवणार नाही, असं प्रियदर्शनीनं तेव्हाच सांगितलं होतं. तातेरावांनी ते कानाआड केलं.

यंदा खंडेनवमीलाच कापसाच्या गाड्या फाटकाशी लागल्या. या दिवशी हत्यारं आणि यंत्रं पुजून दसऱ्यापर्यंत बंद ठेवायची, हा रिवाज. हार घालून लगेच जिनिंग सुरू करायचं, असं तातेरावांनी ठरवलं होतं. ते शेडमध्ये आले, तर पहिल्या मशीनचा पट्टा उतरवलेला.

“हे काय करून राह्यली?”

“बेअरिंग खोलून राह्यले.”

“आजच्या दिवशी पाना धरती? पूजा मानत न्हाई तू?”

“न्हाई मानत.” ती बौद्ध घरातली, तिचे पाने कधीच पूजेत गेले नव्हते. “तुम्ही मानता ना शेठ? मंग आज मशीन चालू कसं करता?”

“राजूरचा गणपती बघून राह्यला बरं!” मालनबाई म्हणाल्या. बाकीच्या कामकरी बायका हसल्या.

तातेराव भडकले. “जल्दी बसव. न्हाई तर उद्यापासून येऊ नको. फिटर काय तू एकलीच हाये?”

“बोलवा की दुसरा.”

त्यांनी भोकरदनला फोन लावला, मग जालन्याला. दोन्हीकडून तेच उत्तर: हत्यारं पूजेत मांडलीत, उद्या येतो.

तोवर प्रियदर्शनीनं बेअरिंग बाहेर काढलं होतं. आतलं ग्रीस जळून काळं पडलेलं, गोळ्यांवर ओरखडे. तिनं ते मालनबाईंच्या हातात दिलं, मालनबाईंनी तातेरावांच्या.

“बसव एकदाचं,” ते म्हणाले.

“हे न्हाई बसायचं. नवं मागवा. तवर पुढचं मशीन खोलते.”

“ते बी?”

“उद्यापासून येऊ नको म्हणले ना? मंग आजच सगळी खोलते.”

तातेरावांनी फाटकावर निरोप धाडला: आज वजनकाटा बंद, गाड्या उद्या खाली होतील.